अगं, भुवया नंतर!

खरं सांगू का, तुझ्या वहीतल्या माणसांचं तू म्हणतेस तितकं काही बिघडलेलं नाही. नाकं जागच्या जागी आहेत, साड्यांचे काठ तर इतके सुबक काढलेस की मला हेवा वाटला. फक्त झालंय काय, सगळीजणं ताठ उभी आहेत. एक बाई म्हणे बस पकडायला धावतेय, दुसरी वाकून भाजी निवडतेय, पण दोघींच्या पाठीचा कणा एकसारखा सरळ! आणि यावरून तू ठरवून काय टाकलंस, तर "मला माणसं जमायचीच नाहीत, मी आपली फुलं-पानंच काढत बसते." गप गं. फुलं-पानं काढ की, कोण नको म्हणतंय? पण माणसं काढायची हौस आहे ना तुला? मग पळ काढायचा नाही.

मूळ दुखणं कुठलं ते बघ. तू शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली, वर ए ग्रेड मिळवलेली पोरगी. त्या परीक्षांनी आपल्याला तांब्या, पेला, टोपलीतली फळं आणि मागचं चुण्या पडलेलं कापड छान शिकवलं. माणसं यायची ती स्मरणचित्रात, आणि तीही पाठ केलेली. हंडा घेतलेली बाई, फुगेवाला, हात वर केलेला मुलगा. बाजार आला की तीच, जत्रा आली की तीच, रेल्वे स्टेशन आलं तरी तीच. मी तर कुठलाही विषय असो, त्यात पाऊस पाडायची. छत्री उघडली की अर्धा माणूस झाकला जातो आणि खाली चिखल दाखवला की पावलंही काढावी लागत नाहीत! तर अशी पाठ केलेली माणसं एकदा हातात बसली की वर्षानुवर्षं हलत नाहीत. तुझा हात चांगला आहे. त्याला सवय भलती लागली आहे, एवढंच.

त्यात तू मोबाइलवर नको तितके व्हिडिओ बघून ठेवलेस. कुणी म्हणतं आधी स्नायूंची नावं पाठ करा, कुणी म्हणतं खोकी काढा, कुणी म्हणतं रोज शंभर हात काढा. आणि तुझ्या हाताशी वेळ किती, तर पोरं शाळेत गेल्यावर आणि तुझा ऑफिसचा पहिला कॉल सुरू होण्याआधीचा. घाबरायला होणारच. म्हणून मी तुला फक्त क्रम सांगते. आधी तो माणूस काय करतोय ते. मग त्याचं अंग कसं बांधलेलं आहे ते. आणि ती देखणी, स्वच्छ, एका दमातली रेघ, जिच्यासाठी तू झुरतेस ना, ती सगळ्यात शेवटी. तू नेमकं उलटं करतेस. डाव्या भुवईपासून सुरुवात, तीही पक्क्या रेघेत. मग डोळा, नाक, ओठ, कानातलं. गळ्याशी येईपर्यंत तुझा उत्साह आणि वेळ दोन्ही संपतात, कागदही संपत आलेला असतो, मग पाय बिचारे मिळेल त्या जागेत आखडून बसतात.

आता मला सांग, रस्त्याच्या टोकाला कुणी दिसलं तर चेहरा कळायच्या आधीच तुला ओळख पटते की नाही? बाबा कसे हात मागे बांधून येतात, शेजारच्या काकू एका बाजूला झुकून पिशवी कशी सांभाळतात, तुझा लेक दप्तर एकाच खांद्यावर टाकून कसा लोंबकळत चालतो. ते जे लांबून ओळखू येतं ना, तेच आधी कागदावर यायला हवं. चित्रकलेच्या वर्गात त्याला जेश्चर म्हणतात. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये किमॉन निकोलाइडीस नावाचे एक शिक्षक होते. 'द नॅचरल वे टू ड्रॉ' हे त्यांचं पुस्तक त्यांच्या मागे, १९४१ साली निघालं. त्यात त्यांचा सगळा भर यावर आहे की समोरचं अंग कसं दिसतं ते बाजूला ठेवा आणि ते काय करतंय ते काढा. झुकतंय, ओढतंय, टेकतंय, कंटाळलंय. पेन्सिल सतत फिरती ठेवायची, कागदावर गुंता झाला तरी चालेल.

यासाठी घड्याळ लावायचं. आधी तीस-तीस सेकंदांची काही चित्रं, मग एकेका मिनिटाची, मग दोन मिनिटांची. तीस सेकंद ऐकून तुझ्या पोटात गोळा आला असेल, पण त्यामागे हिशेब आहे बघ. तेवढ्या वेळात भुवई काढायला फुरसतच मिळत नाही! जे सगळ्यात मोठं आहे तेवढंच हाताला लागतं.

कसं करायचं ते एक उदाहरण घेऊन सांगते. प्लॅटफॉर्मवर लोकलची वाट बघत उभी असलेली बाई घे. पर्स उजव्या खांद्याला, डाव्या हातातला फोन कानाला, सगळा भार उजव्या पायावर आणि डावा पाय गुडघ्यात सैल सोडलेला. आता तिच्या अंगात काय झालंय? ज्या पायावर भार आहे त्या बाजूचं, म्हणजे उजवं, कंबरेचं हाड वर चढलंय. उजवा खांदा मात्र खाली आलाय. म्हणजे उजव्या कुशीला चिमटा बसला आणि डावी कूस वरपासून खालपर्यंत ताणली गेली. विश्वास बसत नसेल तर आत्ता उठून आरशासमोर तशी उभी राहा आणि कुशीवर हात ठेवून बघ. लाजू नकोस, घरात कोण आहे बघायला?

काढताना आधी डोक्यासाठी एक कललेला अंडाकार. आत काही नाही, रिकामा. मग मानेतून निघून पोटावरून जाणारी आणि थेट उजव्या टाचेपर्यंत पोचणारी एक लांब वळणदार रेघ, न थांबता. त्यावर खांद्यांची एक तिरपी रेघ आणि कंबरेची दुसरी, तिच्या उलट्या दिशेने तिरपी. मग सैल पाय. मग हात, प्रत्येकी एकेक रेघ. संपलं! पुढचा कागद. आणि एक खूण लक्षात ठेव, माणूस नुसता उभा असेल, कशाला टेकलेला नसेल, तर गळ्याखालची खळगी भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्यावर सरळ रेषेत येते. चित्रातला माणूस पडतोयसा वाटला की आधी ही जागा तपासायची. दहातल्या नऊ वेळा चूक तिथेच सापडते.

हे आपल्याला परकं नाही गं. पंढरपूरचा विठोबा डोळ्यांपुढे आण. दोन्ही पावलं जुळलेली, भार दोन्हीवर सारखा, हात कटेवर, खांदे आणि कंबर समांतर. मूर्ती घडवणारे या उभं राहण्याला समभंग म्हणतात. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला, हातात कमळ धरलेला पद्मपाणी बघ. मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा पहिल्या बाजूला. तो त्रिभंग. तुझ्या वहीतल्या बायका झाडून साऱ्या विठोबाच्या पवित्र्यात उभ्या आहेत. देवाला ते शोभतं, तो अठ्ठावीस युगं तसाच उभा आहे म्हणे. सात बावन्नची फास्ट पकडणारीला नाही शोभत!

मॉडेल कुठून आणू, हा तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. टीव्हीवर कबड्डी लाव आणि मधेच थांबव. चढाई करणारा पोरगा रेघेकडे हात लांबवतो ना, त्याच्या बोटांच्या टोकापासून मागच्या टाचेपर्यंत एकच ताण दिसतो. असलं जेश्चर दुसरीकडे मिळायचं नाही. इंटरनेटवर 'लाइन ऑफ ॲक्शन' नावाची साइट आहे, तिथे ठरलेल्या वेळाने पोझ आपोआप बदलतात, फुकट आहे. फक्त तिथे आधी कपडे घातलेल्या मॉडेलचा पर्याय निवडायला विसरू नकोस. मी विसरले होते, आणि सासूबाई चहा घेऊन नेमक्या मागे उभ्या! नंतर त्यांना अभ्यासाची गोष्ट पटवून दिली, पण त्या दिवशीचा चहा काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

पण खरा अभ्यास बाहेर. भाजीवाल्या, इस्त्रीवाले, वडापाव तळणारे, ही सगळी माणसं तेच तेच हातवारे पुन्हा पुन्हा करतात. म्हणजे त्यांचं चित्र अर्ध्यावर राहिलं तरी थोड्या वेळाने तीच पोझ परत येते. तोवर शेजारी दुसरं सुरू करायचं. एका पानावर चार-पाच अर्धवट माणसं हे चांगल्या वहीचं लक्षण आहे, वाईट नाही. रावबहादूर धुरंधर ठाऊक आहेत ना? महादेव विश्वनाथ धुरंधर, १८६७ ते १९४४. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि शिक्षक म्हणून तिथेच राहिले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आत्मकथन आहे. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं काढली, आणि १९२० साली आलेल्या 'विमेन ऑफ इंडिया' या ओटो रॉथफेल्डच्या पुस्तकातली चित्रंही त्यांचीच. त्यांच्या बायका एकदा बघच. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण कशी उभी राहते, भार कुठे जातो, मान कशी तोलते, सगळं पटतं. नऊवारीचा काष्टा दिसतो, पण आधी दिसतात त्याखालचे पाय.

इथून आपण बांधणीकडे येतो. जेश्चर आलं की माणूस हलायला लागतो, पण तो अजून वाऱ्यावर आहे, त्याला वजन नाही. त्याला हाडामांसाचा करायचा तर आत काय आहे ते कळायला हवं. लगेच शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणू नकोस. सुरुवातीला तीन मोठे ठोकळे पुरतात, डोकं, बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचं हाड. हे तिन्ही आपापल्या जागी कडक असतात, वाकत नाहीत. वाकते ती मधली जागा, मान आणि पोट. मी सांगते तसं कर, दोन काडेपेट्या घे आणि त्यांच्यामध्ये मळलेल्या कणकेचा गोळा दाबून बसव. वरची पेटी म्हणजे छाती, खालची म्हणजे कंबर. आता वरची डावीकडे झुकव, खालची थोडी उजवीकडे वळव. कणीक एका बाजूला चेपते, दुसऱ्या बाजूला ताणते. हीच ती प्लॅटफॉर्मवरच्या बाईची कूस! त्या दोन पेट्या ओट्यावर ठेवून वरून, खालून, तिरक्या बाजूने काढ. कणकेची नंतर पोळी लाटायची नाही, एवढं पथ्य पाळ.

पेट्यांची ही युक्ती माझ्या पदरची नाही. न्यूयॉर्कच्या त्याच आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये जॉर्ज ब्रिजमन शिकवायचे, त्यांनी सगळं शरीर ठोकळ्यांत आणि पाचरींत मांडून दाखवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या अँड्रयू लूमिस यांचं १९४३ चं 'फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ' तर अजूनही जगभरची मुलं वापरतात. लूमिस चित्रासाठी आठ डोक्यांचा देखणा माणूस धरतात. खऱ्या आयुष्यात आपण साधारण साडेसात डोक्यांएवढे उंच असतो. मोठ्या माणसाच्या उंचीचा मध्य कंबरेवर नसतो हं, मांड्या जिथून फुटतात तिथे असतो. तुझे पाय आखूड येतात त्याचं हे दुसरं कारण. आणि दोन-तीन वर्षांचं मूल जेमतेम पाच डोक्यांचं असतं. तू वहीत भाचीला साडेसात डोक्यांच्या हिशेबात बसवलंस, म्हणून ती पोर बारकुड्या मावशीसारखी दिसतेय!

बाकीची मापं स्वतःच्या अंगावर घे, टेप लागत नाही. तळहात चेहऱ्यावर ठेव, मनगट हनुवटीला लाव. बोटं जवळजवळ केसांच्या सुरुवातीला पोचतात. म्हणजे हात काढशील तो चेहऱ्याएवढा काढ, वाटाण्याएवढा नको. पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाएवढं लांब असतं. जमिनीवर बसून हात पावलाला लावून बघ. माझ्या सुरुवातीच्या माणसांची पावलं मी इतकी नाजूक काढायची की एका मैत्रिणीने विचारलं, यांना चपला कुठल्या दुकानात मिळतात?

पायाशीच आहोत तर आणखी एक सांगते, हे मला फार आवडतं. स्वतःच्या घोट्याकडे बघ. आतलं हाड वर आहे, बाहेरचं खाली. आता पोटरी बघ. बाहेरचा फुगवटा वर संपतो, आतला जास्त खाली येतो. म्हणजे पायाच्या दोन्ही बाजू कधीच आमनेसामने फुगत नाहीत. एक वर, एक खाली, मग पुन्हा उलट. बाजूने बघितलंस तर मांडी पुढे फुगते आणि पोटरी मागे, म्हणजे सगळा पाय एक लांब नागमोडी होतो. तू दोन्ही बाजूंना सारखाच फुगवटा देतेस, म्हणून पाय दुधीभोपळ्याचे होतात. एवढी एक गोष्ट सुधारलीस तरी तुझी माणसं दुसऱ्या दिवशी चालायला लागतील.

साडीचं तुला जरा वेगळं सांगायला हवं, कारण तुझा जीव तिथेच अडकतो. आधी आतला पाय काढ, फिकट रेघेत. मग कापड. कापड कुठेतरी अडकतं आणि कुठेतरी लटकतं. साडी कंबरेशी खोचलेली असते, पदर खांद्यावर अडकतो, आणि पाऊल पुढे टाकलं की गुडघ्यावर ताण येतो. निऱ्यांच्या रेघा या जागांपासून निघतात आणि दुसरीकडे विरतात. आपण सगळ्या निऱ्या कंबरेपासून पावलापर्यंत पट्टीने आखल्यासारख्या ओढतो, मग साडी पत्र्याची होते. काठ आणि बुट्टे मागाहून. किती सुंदर काढतेस ते मला ठाऊक आहे, पण मागाहून.

हां, आता तुझी ती रेघ. तुझ्या रेघेला केस फुटतात, बरोबर? छोटे छोटे तुकडे, एकावर एक, जसं काही पेन्सिल घाबरत घाबरत पुढे सरकतेय. तुला वाटतं तुझा हात थरथरतो. अजिबात नाही. तू बारीक सुईत एका फटक्यात दोरा ओवतेस, तुझा हात कसला थरथरतोय? बघ, रेघ तुटते कारण तिला कुठे जायचंय हे तुझं ठरलेलं नसतं. खांद्याचं टोक कुठे, कोपर कुठे, हे ठाऊक नसताना पेन्सिल वाट शोधत जाते, आणि वाट शोधणारी रेघ केसाळच येणार. जेश्चर आणि बांधणी आधी झाली की दोन्ही टोकं कागदावर फिकट हजर असतात. मग उरतं ते फक्त इथून तिथे जाणं.

जातानाची तऱ्हा तुला येते, तू ती पेन्सिलला लावत नाहीस इतकंच. दारात रांगोळी घालताना तू मनगट फरशीवर टेकवून बसतेस का? नाही ना? सगळा हात खांद्यातून फिरतो आणि चिमूट सुटत जाते. नजर चिमटीवर नसते, पुढच्या ठिपक्यावर असते. पेन्सिलनेही तसंच. करंगळी कागदावर रोवून बसू नकोस, हात उचल, आधी हवेतल्या हवेत दोनदा तीच रेघ फिरव आणि मग एकदाच ओढ. चुकली? चुकू दे. तिच्यावर गिरवायचं नाही, शेजारी दुसरी ओढायची. वळण हाताला अवघड जात असेल तर कागद फिरव, अंग पिळत बसू नकोस. जुन्या वर्तमानपत्रावर दोन ठिपके देऊन असा सराव कर, आणि तोही बॉलपेनने. खोडरबर हाताशी नसला की हात आपोआप विचार करायला लागतो.

चित्र पक्कं करायचं असेल तेव्हा फिकट कच्च्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेव, नाहीतर खिडकीच्या काचेवर धर. पण इथे एक खड्डा आहे, त्यात सगळ्या पडतात. कच्च्या चित्रातली बाई जिवंत असते आणि पक्की केली की तिचा पुतळा होतो. कारण गिरवताना आपण पुन्हा भुवईपासून निघालेलो असतो! तेव्हा गिरवतानाही क्रम तोच, आधी डोक्यापासून टाचेपर्यंतची ती लांब रेघ, तिच्याशी इमान राखून बाकीच्या. कच्च्यात एकाच जागी तीन रेघा असतील तर थांबून एक निवड. ज्या कुशीला चिमटा बसलाय तिथे वळणं आणि घड्या येतील, ताणलेली कूस जवळजवळ सरळ एका रेघेत जाईल. दोन्ही बाजू सारख्याच गोलाईत काढल्या की आतलं सगळं जेश्चर पुसलं जातं. जिथे एक भाग दुसऱ्याच्या पुढे येतो, जसा दंड छातीच्या पुढे, तिथे पुढच्या भागाची रेघ सलग जाऊ दे, मागची तिच्याशी येऊन थांबू दे. आणि जाडी बदलती ठेव. सावलीत, खालच्या बाजूला, भार टेकतो तिथे जाड. उजेडात बारीक, कधी तर मधे सोडूनही द्यायची, डोळा ती जोडून घेतो.

हे बघायला परदेशी जायला नको. माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर काढ. दीनानाथ दलालांची कथाचित्रं बघ, एकाच ब्रशच्या फटक्यात रेघ जाड होऊन बारीक कशी होते ती. शि. द. फडणीसांची चित्रं बघ, त्यांची रेघ कशी शांत, एकसारखी चालते आणि एका शब्दावाचून सगळा विनोद सांगते. मारियो मिरांडांची गोव्याची गर्दी बघ, इतकी माणसं एका पानात, पण प्रत्येकाच्या उभं राहण्यात फरक आहे. यातलं एक चित्र ट्रेसिंग पेपरखाली ठेवून गिरव आणि किती कमी रेघा आहेत ते तुझं तूच बघ. नक्कल करणं म्हणजे चोरी, असं मनात आणू नकोस. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्यांना लाज वाटली नाही, तुला कशाला? फक्त खाली कुणावरून केलं ते लिहायचं, आणि आपलं म्हणून कुणाला दाखवायचं नाही.

टॅबलेटवर काढू का, असं विचारलं होतंस. काढ, पण जेश्चरचा सराव निदान सुरुवातीला कागदावर कर. टॅबलेटवर एक बटण दाबलं की चुकलेली रेघ गायब होते, मग तू एकच रेघ चाळीसदा पुसत बसशील. ओळखते ना मी तुला.

रोज वीस मिनिटं पुरतात गं. वरणाचा कुकर लावलास की बस, झाकण पडेपर्यंत तेवढी होतातच. आठवड्यात एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काढून भरपाई करायला जाऊ नकोस, त्याने नुसता वैताग येतो. आधीचे काही आठवडे निव्वळ जेश्चर कर. मग त्यावर पेट्या चढव. चेहरा, बोटं, हुबेहूबपणा, हे सगळं त्यानंतर. मधे एक असा काळ येईल की चित्रं पहिल्यापेक्षा वाईट वाटतील. ते सगळ्यांचं होतं, कारण डोळा हातापेक्षा लवकर शिकतो आणि आता त्याला तुझ्या चुका दिसायला लागलेल्या असतात. तेव्हा वही कपाटात टाकलीस तर माझ्याशी गाठ आहे. कुठलंही पान फाडायचं नाही, कोपऱ्यात तारीख घालायची. घरचे म्हणतील "हे काय, हातपाय नसलेली भुतं काढतेस?" त्यांना म्हण, हो, आणि पुढच्या पानावर तुमचंच काढणार आहे.

सामानावर पैसे घालवू नकोस. घरातले पाठकोरे कागद, ते दाबून धरायला एक क्लिपबोर्ड, एचबी आणि टूबी अशा दोन पेन्सिली, बॉलपेन, आणि फार तर एक पुटी रबर, त्याने कच्च्या रेघा फिकट करता येतात. कार्ट्रिज पेपर पक्क्या चित्रांसाठी राखून ठेव. महागड्या कागदावर हात आखडतो, खराब होईल या भीतीने. चोवीस पेन्सिलींचा तो लाकडी पेटीतला सेट मागवलायस असं कानावर आलंय माझ्या. परत करता येत असेल तर कर, आणि नसेल होत परत, तर मला दे. मी सांभाळीन!